देखणी साय-फाय, लंगडी गोष्ट: बघताना या चुका टाळा

‘दृश्यं अफाट आहेत, पण गोष्टीत दम नाही’ असं चार जणांनी सांगितलेला एक साय-फाय चित्रपट मी थिएटरचं तिकीट वाचवून प्रवासात फोनवर उरकला होता. गोष्टच धड नाही, मग पैसे कशाला घालवायचे, हा माझा हिशेब. तो साफ उलटा होता. गोष्ट भक्कम असेल तर चित्रपट छोट्या पडद्यावरही तग धरतो. ज्याची सगळी कमाई डोळ्यांसाठी आहे, त्याचा मोठा पडदाच काढून घेतला तर उरते ती लंगडी गोष्ट, तीही सहा इंचांत.

थ्रीडीचा आग्रह मात्र सरसकट धरू नका. त्या चष्म्यातून पडद्याचा बराच उजेड गळतो आणि आधीच अंधारी असलेली दृश्यं आणखी काळवंडतात. चित्रपटात रात्र आणि अंतराळच जास्त असेल, तर मी टूडी निवडतो.

घरी बघताय? आधी टीव्हीची सेटिंग्ज उघडा

‘इफेक्ट्स खोटे वाटतात’ ही तक्रार करण्याआधी हे तपासाच. चित्रपट बहुतेक वेळा सेकंदाला २४ फ्रेम्सनी, म्हणजे २४ स्थिर चित्रांनी, चित्रित केलेला असतो. नवे टीव्ही मधल्या फ्रेम्स स्वतःच तयार करून भरतात, त्यामुळे हालचाल नको तितकी गुळगुळीत होते. मग महाकाय यान खेळण्यातलं वाटतं आणि नायक दैनंदिन मालिकेतून आल्यासारखा दिसतो. सोनीत हे ‘मोशनफ्लो’, एलजीत ‘ट्रूमोशन’, सॅमसंगमध्ये ‘पिक्चर क्लॅरिटी’ किंवा जुन्या संचांत ‘ऑटो मोशन प्लस’ या नावाने सापडेल. बंद करा. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तोच लावा, एका फटक्यात काम होतं. ‘व्हिव्हिड’ मोड दुकानातल्या झगमगाटात टीव्ही उठून दिसावा म्हणून असतो. घरी तो रंगांचा भडका उडवतो.

अंधाऱ्या दृश्यांत काळ्याऐवजी राखाडी चौकोन किंवा पट्टे दिसत असतील, तर दोष बहुधा स्ट्रीमिंगचा असतो. फाईल लहान करताना सर्वांत आधी अंधारातले बारकावेच जातात. ॲपमध्ये डेटा बचतीचा पर्याय चालू राहिला आहे का, ते बघा. डिस्क मिळत असेल तर उत्तम. पडद्यावर पडणारा दिवा मालवा. आणि जवळ बसा! ५५ इंची टीव्ही बारा फुटांवरून पाहिला, तर त्याचा पुन्हा फोनच होतो. साडेपाच ते साडेसात फूट हे अंतर चांगलं.

गोष्टीची उलटतपासणी चित्रपट संपल्यावर

‘पण परग्रहावर उतरल्यावर त्याने हेल्मेट का काढलं?’ हा प्रश्न रास्तच आहे. फक्त तो विसाव्या मिनिटाला मोठ्याने विचारलात की शेजारचाही गोष्टीतल्या त्या भोकातच अडकतो, आणि समोर उलगडत असलेलं अख्खं शहर दोघांच्याही हातून निसटतं. ‘अवतार’ला (२००९) ऑस्करची नऊ नामांकनं होती, त्यात पटकथेचं एकही नव्हतं. मिळालेली तीन पारितोषिकं कला दिग्दर्शन, छायालेखन आणि व्हिज्युअल इफेक्ट्सची. अशा चित्रपटात काय बघायचं, ते या यादीतच आहे.

याच्या उलटी चूक चाहते करतात. दृश्यं भारावून टाकणारी आहेत म्हणून संवादांत नसलेलं तत्त्वज्ञान शोधायचं आणि पटकथेच्या प्रत्येक भोकाला ‘रूपक’ म्हणून ठिगळ लावायचं. कशाला? ‘गोष्ट फसली आहे, तरी मला आवडला’ असं म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही.

मात्र कमी गोष्ट म्हणजे कमकुवत गोष्ट नव्हे. ‘२००१: अ स्पेस ओडिसी’च्या (१९६८) पहिल्या साधारण पंचवीस मिनिटांत एकही संवाद नाही, पण तिथे एका दृश्यातून पुढचं दृश्य उगवत जातं. कमकुवत पटकथेत भरपूर काही घडतं. फक्त ते पात्रांना हवं असतं म्हणून घडत नाही, पुढचा धमाका आणायचा असतो म्हणून घडतं. शास्त्रज्ञ अचानक मूर्खासारखा वागला, की ओळखावं.

ट्रेलर पुन्हापुन्हा बघणं हीसुद्धा चूकच. सर्वांत देखणी चार दृश्यं त्यातच खर्ची पडलेली असतात.

दुसऱ्यांदा बघायचा झालाच, तर नायकाला सोडून द्या. मागच्या भिंती, यंत्रांवरचा गंज, गर्दीतल्यांचे कपडे बघा. कलाकारांनी ज्यावर महिनोन्‌महिने घालवलेले असतात ते सगळं तिथे असतं. आणि सेटिंग्ज नीट लावून, दिवे मालवून, जवळ बसूनही पहिल्या तासात एकही फ्रेम थांबवून बघावीशी वाटली नाही, तर त्या चित्रपटाकडे दृश्यंही नाहीत, नुसता खर्च आहे. तो खुशाल अर्ध्यावर बंद करा.