दादांची तोफखान्यातली नोकरी कशी शोधली

दादा, म्हणजे माझे वडील, १९७१च्या लढाईत तोफखान्यात होते, एवढंच घरात माहीत. विचारलं की म्हणायचे, "कान गेले, बाकी काय सांगू?"

सुरुवात घरातल्या पत्र्याच्या पेटीपासून करा. आमच्या अंबाजोगाईच्या घरी ज्वारीच्या कणगीमागं ती होती. त्यात दोन पदकं सापडली. पदकाच्या कडेवर फौजी नंबर, हुद्दा नि नाव कोरलेलं असतं. चिंच-राखेनं घासू नका, अक्षरं झिजतात. कोरड्या फडक्यानं पुसा, उन्हात तिरपं धरा, मोबाइलवर फोटो काढून मोठा करा. मला तिथंच नंबर मिळाला. संग्राम पदक १९७१चं, पण ते आघाडी सांगत नाही. ती सोबतच्या दुसऱ्या पदकावरून कळते: 'पूर्वी तारा' (पूर्वी स्टार) असेल तर पूर्वेची आघाडी, 'पश्चिमी तारा' असेल तर पश्चिमेची. दादांचा पश्चिमी निघाला. आम्ही आयुष्यभर बांगलादेश समजत होतो!

पेटीत डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळालेलं नोकरीचं पुस्तक) किंवा पेन्शनचा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा कागद) असेल तर निम्मं काम झालंच. मग बीडचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठा. अर्ज कसा करायचा ते तिथं विचारा. तोफखान्याच्या जवानांचं रेकॉर्ड नाशिक रोड कॅम्पला असतं. अर्जात नंबर, रेजिमेंट आणि फौजेतलं नाव जसंच्या तसं लिहा. मी शाळेच्या दाखल्यावरचं लिहिलं, तिथंच घोटाळा झाला. फौजेत त्यांचं दाखल्यावरचं आडनाव नव्हतंच, नुसतं 'पाटील' लिहिलेलं. सोबत मृत्यू दाखला नि नात्याचा पुरावा जोडा.

आणि आईला विचारायला विसरू नका. रेजिमेंटचा आकडा तिला पाठ होता, पत्रांवर तोच पत्ता लिहायची ना!