ओपलचा खडा घेताना: आधी कडा बघा, मग पाणी

शुक्रासाठी हिऱ्याऐवजी ओपल घ्यायला सांगितलं की लोक दुकानात 'चमकणारा' खडा मागतात. ओपलमध्ये चमक नाही, रंगखेळ बघायचा, म्हणजे खडा फिरवला की आतून चमकून बदलणारे रंग. पाणी धरून ठेवलेल्या सिलिकाचे साधारण 150 ते 350 नॅनोमीटरचे गोळे ओळीत बसले असतील तरच प्रकाश रंगांत फुटतो. बारीक गोळ्यांतून निळा-जांभळाच येतो, तांबड्याला मोठे गोळे लागतात. म्हणून तांबडा दाखवणारा खडा महाग. गोळे विस्कटलेले असले तर राहतो तो नुसता दुधी दगड.

खडा एकाच दिव्याखाली धरून सावकाश पूर्ण फिरवा. अर्ध्या फेरीत रंग मावळत असेल तर अंगठीत तो बहुतेक वेळ फिकाच दिसेल.

मग भिंगातून कड बघा. सरळ रेघेत काळा थर चिकटवलेला दिसला तर तो डब्लेट, म्हणजे दोन थरांचा जोडखडा; वर काचेचा किंवा स्फटिकाचा घुमटही असला तर ट्रिप्लेट, तीन थरांचा. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या बोल्डर ओपललाही मागे तपकिरी लोहदगड असतो, पण तिथला सांधा नैसर्गिक, बहुधा वेडावाकडा. बंद कोंदणात कड झाकली जाते, तेव्हा खडा सुटाच बघायला मागा. 10 पट भिंगात सापाच्या कातडीसारखे खवले आणि बाजूने उभे खांब दिसले, तर खडा प्रयोगशाळेतला समजा.

ऑस्ट्रेलियातल्याच लायटनिंग रिजचा ओपल काळ्या अंगाचा. त्यावर रंग सगळ्यात उठून दिसतात. तिथल्याच कूबर पेडीचा पांढरा. मेक्सिकोचा नारिंगी अग्निओपल अनेकदा रंगखेळाविनाच असतो आणि तरी अस्सलच असतो.

इथिओपियाच्या वोलो भागातला ओपल 2008 नंतर बाजारात आला. तो सुंदर, पण बहुतेकदा पाणी पिणारा. दुकानदाराला विचारून सुट्या खड्याच्या मागे पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंब जिरला तर खडा सच्छिद्र. असा खडा भिजला की वजन वाढतं, म्हणून कोरडाच तोलून घ्या. भिजल्यावर तो काचेसारखा पारदर्शक होऊन रंग हरवतो. सुकल्यावर रंग सहसा परततात.

दुधाचं तसं नाही. अंगठी 'सिद्ध' करायला कच्च्या दुधात किंवा पंचामृतात बुडवतात; त्यातलं तूप, मध आणि दूध छिद्रांत शिरतं आणि खडा पिवळट पडू शकतो. पूजा करायचीच तर अंगठी कोरडी ठेवून फुलं-अक्षता वाहा. कणीक तिंबताना, हळदीचा हात असताना, अत्तर लावताना अंगठी काढून ठेवा.

पाण्यात भिजलाच, तर टिपून सावलीत कापडावर काही दिवस राहू द्या. उन्हात किंवा ड्रायरने घाई केली तर जाळीदार तडे जातात आणि ते भरून येत नाहीत. सोनाराला अल्ट्रासॉनिक यंत्रात किंवा वाफेने धुऊ नका असं आधीच सांगा. ओपलचा कठीणपणा 5.5 ते 6.5, धुळीतल्या गारेचा 7. तेव्हा पुसताना आधी धूळ फुंकरून उडवा, मग मऊ कापड लावा.