गणपतीला घरी येताय? नागरिकत्वाच्या अर्जासाठी एवढं उरकून जा

खेड, चिपळूण, गुहागरकडची जी मुलं ब्रिटनमध्ये पाच-सहा वर्षं काढून आता तिथल्या नागरिकत्वाचा अर्ज भरणार आहेत, त्यांनी गणपतीच्या सुट्टीतले दोन दिवस या कामासाठी राखून ठेवा. नागरिकत्वासाठी द्याव्या लागणाऱ्या 'लाइफ इन द यूके' परीक्षेची तयारी सगळे मन लावून करतात. 'गुड कॅरेक्टर'ची, म्हणजे चांगल्या चारित्र्याची पानं मात्र शेवटच्या रात्री भरतात, आणि मला काळजी या चारित्र्याच्या अटीचीच वाटते. ही अट १९८१ च्या ब्रिटिश राष्ट्रीयत्व कायद्यातली आहे आणि १० वर्षांच्या आणि त्याहून मोठ्या मुलांनाही लागू आहे.

आल्याबरोबर वडिलांसमोर बसा आणि विचारा, "बाबा, कुठल्या केसमध्ये माझं नाव आहे का?" अर्जात फक्त ब्रिटनमधलं विचारत नाहीत, कुठल्याही देशातली शिक्षा विचारतात. आपल्याकडे बांधावरून भाऊबंदकी पेटते, पोलिसात तक्रार जाते, आणि मुंबईत शिकणाऱ्या पोराचंही नाव त्यात ओवलं जातं. आजोबा गेले की वाटणीच्या दाव्यात वारस म्हणून नातवंडांची नावं लागतात, ती त्यांना ठाऊकही नसतात. सातबारावर नाव असणं वेगळं, दाव्यात प्रतिवादी असणं वेगळं. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर रत्नागिरी जिल्हा निवडून नावाने शोधा. काही सापडलं तर निकालाच्या नकलेचा अर्ज त्याच दिवशी द्या, कारण सणाच्या सुट्ट्यांत कोर्ट बंद असतं. फौजदारी खटला चालू असेल तर निकाल लागेपर्यंत अर्जच करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझ्या पुतण्याला कोणीतरी सांगितलं होतं, "जुनी गोष्ट आहे, लिहू नकोस." मी त्याला लिहायला लावलं. ब्रिटनमध्ये बऱ्याच नोकऱ्यांच्या अर्जात काही वर्षांनी जुनी शिक्षा सांगावी लागत नाही, पण नागरिकत्वाच्या अर्जात ती सवलत नाही. १२ महिने किंवा त्याहून जास्त कैद झाली असेल तर अर्ज सहसा नाकारतात. आणि लपवलेलं उघड झालं तर पुढची १० वर्षं दार जवळपास बंदच. किरकोळ गोष्ट खरी सांगितली, तर तिची शहानिशा होते. लपवलेली किरकोळ गोष्ट मात्र खोटेपणा ठरते.

तिकडचा प्राप्तिकर आणि काउन्सिल टॅक्स (आपल्या घरपट्टीसारखा स्थानिक कर) थकलेला नसावा. गाडीच्या वेगाचा दंड वेळेत भरला असेल तर सहसा अडत नाही, पण प्रकरण कोर्टात जाऊन शिक्षा लागली असेल तर ती लिहायची.

जुने-नवे सगळे पासपोर्ट काढून शिमगा, गणपती, लग्नं अशा प्रत्येक फेरीच्या तारखा मांडा. साधारण नियम ५ वर्षांत ४५० दिवसांपेक्षा जास्त बाहेर नको आणि शेवटच्या १२ महिन्यांत ९० पेक्षा जास्त नको, असा आहे. जाण्या-येण्याचे दिवस धरत नाहीत.

अर्जात तुमची ओळख देणारे दोघे (रेफरी) तुम्हाला किमान ३ वर्षं ओळखणारे हवेत आणि नातेवाईक चालत नाहीत. कोर्टाचा निकाल मराठीत असेल तर त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर, भाषांतरकाराच्या नाव-सही-तारखेसह, परतण्याआधीच करून घ्या.