किंडलवर काय वाचता ते तुमच्यापुरतंच ठेवायचं तर

ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून आणलेलं पुस्तक तुम्ही कितव्या पानावर सोडून दिलंत, हे तिथे कोणालाच कळत नाही. किंडल या अ‍ॅमेझॉनच्या ई-पुस्तकं वाचायच्या यंत्रावर मात्र शेवटचं पान, अधोरेखित ओळी आणि टिपणं वायफाय मिळताच कंपनीच्या सर्व्हरवर जातात. नुसत्या एअरप्लेन मोडने भागत नाही. महिनाभर वायफाय बंद ठेवलं, तरी पुढचं पुस्तक उतरवायला ते लावलं की साठलेलं सगळं एकदम वर जातं.

म्हणून आधी सिंकच, म्हणजे शेवटचं पान आणि खुणा आपोआप वर पाठवून तुमच्या सगळ्या यंत्रांवर जुळवणंच, बंद करा. सेटिंग्ज, डिव्हाइस ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स असं आत गेलं की व्हिस्परसिंक या नावाने ते दिसेल. तिथेच प्रायव्हसीत वापराची माहिती गोळा करण्याची परवानगीही काढून घ्या. मॉडेलनुसार मेनू थोडा इकडेतिकडे असतो. यात गैरसोय एवढीच, की फोनवर तेच पुस्तक उघडलं तर पान आपलं आपण शोधायचं. विकत घेतलेल्या पुस्तकांची नोंद मात्र कंपनीकडे राहतेच, तिला इलाज नाही.

स्वतःचे कागद, कोणी विश्वासाने वाचायला दिलेलं हस्तलिखित वगैरे 'सेंड टू किंडल' या मेलने वगैरे फाइल पाठवायच्या कंपनीच्या सोयीने पाठवू नका, त्याची प्रत क्लाउडवर राहू शकते. केबलने टाका. इथे दोन ठिकाणी गाडी अडते. रस्त्यावरच्या स्वस्त केबली पुष्कळदा फक्त चार्जिंगच्या असतात; किंडल चार्ज होतं, पण कॉम्प्युटरवर दिसत नाही. दुसरं म्हणजे केबलने टाकलेली ईपब (ई-पुस्तकांचा सर्रास चालणारा प्रकार) फाइल किंडल उघडतच नाही, आणि मग लोक वैतागून पुन्हा मेलकडे वळतात. कॅलिबर हे फुकट सॉफ्टवेअर घ्या, त्यात ईपबचं एझेडडब्ल्यू३, म्हणजे किंडलला उघडता येणारी फाइल, करा आणि 'डॉक्युमेंट्स' फोल्डरमध्ये टाका.

ठाणे-वाशी लोकलमध्ये प्रश्न शेजाऱ्याच्या नजरेचा. 'डिस्प्ले कव्हर' चालू असेल तर झोपलेल्या किंडलवर पुस्तकाचं मुखपृष्ठ झळकत राहतं. ते बंद करा. पासकोडही लावा. तो नसेल तर गाडीत राहिलेलं किंडल ज्याला सापडेल, तो तुमच्या खात्यावर पुस्तकंही विकत घेऊ शकतो. हरवलंच, तर फोनवरून खात्याच्या डिव्हाइसेसच्या यादीत जाऊन ते लगेच डीरजिस्टर करा, म्हणजे खात्यापासून तोडा.

विकताना सर्वात जास्त घोळ होतो. पुस्तकं एकेक करून डिलीट केली तरी 'माय क्लिपिंग्ज' ही साधी टेक्स्ट फाइल मागे उरते. तुम्ही खुणा केलेली प्रत्येक ओळ तीत तारीख-वेळेसकट असते, आणि घेणाऱ्याने केबल लावली की ती कोणत्याही नोटपॅडमध्ये उघडते. आधी ही फाइल कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, कारण केबलने टाकलेल्या पुस्तकांतल्या खुणांची दुसरी प्रत कुठेच नसते. मग वायफाय चालू ठेवून डीरजिस्टर करा आणि त्यानंतर रीसेट. खात्याच्या यादीतून यंत्राचं नाव गेलेलं दिसेपर्यंत ते गिऱ्हाइकाच्या हातात देऊ नका.