रंगाआधी ओल

कोथरूडचा आमचा वन बीएचके भाड्याने द्यायचा म्हणून मी थेट रंगारी बोलावला. पंधरा दिवसांत बेडरूमच्या भिंतीला गुडघ्याएवढ्या उंचीवर परत पोपडे! पैसे पाण्यात, अक्षरशः.

पलीकडे बाथरूम. प्लंबर म्हणाला, आधी बघू तरी पाणी कुठून येतंय. मेन कॉक बंद केला, नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे फरशीवरचं पाणी जायच्या तोंडात, फडक्याचा बोळा कोंबला, इंचभर पाणी भरलं, टाइलवर मार्करने खूण केली. दुसऱ्या दिवशी पाणी चांगलं बोटभर खाली आणि भिंत गार, ओली. मेन कॉक तर बंदच, म्हणजे गळती पाइपची नाही, फरशीच्या सांधींची. जुनं व्हाइट सिमेंट खरवडून इपॉक्सी ग्राउट (सांधी बुजवायचा, पाणी न झिरपू देणारा मसाला) भरलं, ट्रॅपच्या कडेने जरा जास्तच. भिंतीचं प्लास्टर महिनाभर उघडं ठेवलं, मग पुट्टी, मग रंग. एजंट रोज फोन करून कावला होता, कावू दे.

कागदपत्रं त्यामानाने सोपी. ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, नोंदणी ऑनलाइन. '११ महिन्यांना नोंदणी लागत नाही' हे कट्ट्यावरचं ज्ञान. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने ती घरमालकाचीच जबाबदारी आहे. भाडेकरूची माहिती पोलिसांनाही ऑनलाइन कळवली.

किल्ल्या देताना विजेच्या मीटरचा फोटो काढून भाडेकरूलाही पाठवला.