छातीत दुखतंय: गॅस की हार्ट? ठाणे आणि नवी मुंबईतल्या घरांसाठी

छातीत दुखायला लागलं की बहुतेक घरांत पहिला अर्धा तास इनो, ओवा आणि लिंबू-सोड्यात जातो. मग फॅमिली डॉक्टरला फोन, मग ‘सकाळपर्यंत बघू’. हार्ट अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी गुठळीने बंद पडते, त्या क्षणापासून तिच्या पलीकडचा स्नायू मरायला लागतो आणि मेलेला स्नायू परत येत नाही. घरी घालवलेला वेळ पुढे कितीही मोठं हॉस्पिटल गाठलं तरी भरून निघत नाही. म्हणून इथं सगळ्यात जास्त जागा अटॅकला दिली आहे, बाकीचे विकार नंतर.

ओळखायचं कसं

ठाणे स्टेशनचा पूल चढताना छाती आवळते, दोन-पाच मिनिटं थांबलं की मोकळं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी तेवढ्याच पायऱ्यांना पुन्हा तेच होतं, तर तो अंजायना समजावा. वाहिनी अरुंद झालेली असते. बसल्या जागी रक्त पुरतं, चढताना कमी पडतं. भरपेट जेवून लगेच चालणं, थंडी किंवा संताप यांनीही तो उठतो. ठरावीक श्रमाला येणारा आणि थांबलं की जाणारा अंजायना दोन-चार दिवसांत डॉक्टरला दाखवला तर चालतो. पण तो नुकताच सुरू झाला असेल, रोज कमी पायऱ्यांवर यायला लागला असेल किंवा बसल्या-झोपल्या येत असेल, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. अटॅकच्या आधीची ही पायरी असते.

अटॅकचं दुखणं थांबल्याने जात नाही. पंधरा-वीस मिनिटं टिकतं, छातीच्या मधोमध दाब किंवा वजन ठेवल्यासारखं वाटतं. कुठं दुखतंय विचारलं तर माणूस बोट न दाखवता आख्खी मूठ छातीवर ठेवतो. कळ डाव्या किंवा दोन्ही हातांत, जबड्यात, गळ्यात, पाठीत, कधी बेंबीच्या वर पोटात जाते. सोबत दरदरून गार घाम, मळमळ, धाप. एका बोटाच्या जागी टोचणारं, दाबल्यावर वाढणारं दुखणं बहुधा स्नायूचं असतं, पण ‘बहुधा’च. ढेकर आली, बरं वाटलं, म्हणजे गॅसच होता असं मुळीच सिद्ध होत नाही.

मधुमेही, वयस्कर माणसं आणि बायका यांच्यात छातीत न दुखताच अटॅक येऊ शकतो. अचानक धाप, कधी नव्हे इतका थकवा, उलटी, घाम एवढंच दिसतं. आई ‘नुसतं गळून गेल्यासारखं वाटतंय’ म्हणते आणि अंग गार, घामेजलेलं लागतं, तेव्हा साखर तपासा आणि ती ठीक निघाली तरी कार्डिओग्राम काढायला न्या.

पहिली दहा मिनिटं

१०८ ला फोन करा. पत्ता, मजला, लिफ्ट आहे की नाही आणि ‘छातीत दुखतंय, घाम येतोय’ हे शब्द नेमके सांगा. एकाने खाली जाऊन गेट उघडून ठेवावं आणि वाटेत लावलेल्या गाड्या हलवाव्यात. सोसायटीच्या आवारात ॲम्ब्युलन्स अडकून राहणं हे आपल्याकडचं नेहमीचं दुखणं आहे.

पेशंटला पाठीला आधार देऊन बसवा. चालवू नका, जिना तर अजिबात उतरवू नका. सिडकोच्या चार मजली इमारती किंवा नौपाड्यातल्या जुन्या चाळवजा इमारती, जिथं लिफ्ट नाही, तिथं हातांची मजबूत खुर्ची घ्या. पेशंटला बसवून ओढणी किंवा पट्ट्याने कमरेशी बांधा, तोंड उतरायच्या दिशेला ठेवून खुर्ची किंचित मागे कलती करा आणि चौघांनी उचला. प्लास्टिकची खुर्ची वापरू नका, पाय मुडपतात.

ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल, अल्सर किंवा नुकताच रक्तस्राव झालेला नसेल आणि तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं ही पॅरालिसिसची लक्षणं नसतील, तर एकूण ३०० मिलिग्रॅमच्या आसपास ॲस्पिरिन चावून खायला द्या. एकोस्प्रिन १५० च्या दोन गोळ्या झाल्या. चावूनच, कारण त्या गोळीवर आवरण असतं आणि गिळली तर असर उशिरा होतो. १०८ वर बोलताना हे विचारून घेतलं तर उत्तम.

सॉर्बिट्रेट या अंजायनावरच्या, जिभेखाली ठेवायच्या गोळीबद्दल मात्र जपून. ती ज्याला डॉक्टरांनी लिहून दिली आहे त्यानेच, बसून घ्यावी. बीपीचा वरचा आकडा १०० च्या खाली असेल, चक्कर येत असेल किंवा गेल्या २४ तासांत सिल्डेनाफिल (व्हायग्रा), ४८ तासांत त्याच जातीची टॅडालाफिल घेतली असेल, तर बीपी धाडकन कोसळतं. शेजाऱ्याच्या डब्यातली सॉर्बिट्रेट देणं ही मदत नव्हे. जोरजोरात खोकून अटॅक थांबवण्याचा जो मेसेज फिरतो, त्याचाही घरी काही उपयोग नाही.

ॲम्ब्युलन्सला फार उशीर असेल तर दुसऱ्या कुणी गाडी चालवावी. पेशंटने स्टिअरिंगला हात लावायचा नाही आणि त्याला स्कूटरवर मागेही बसवायचं नाही.

माणूस निपचित पडला, हाक मारून, खांदे हलवून उठत नाही आणि श्वास नाही किंवा मधूनच घशातून आचके देतोय, तर हृदय थांबलंय. आचके म्हणजे श्वास नव्हे. इथंच लोक फसतात. जमिनीवर उताणं झोपवा, गादीवर नाही. छातीच्या मधोमध एका हातावर दुसरा हात ठेवून कोपर ताठ करा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. दर दोन मिनिटांनी माणूस बदला, कारण दमलेल्याचा दाब उथळ होतो आणि ते त्याला स्वतःला कळत नाही.

कुठं न्यायचं, हे आज ठरवा

नाव मोठं म्हणून हॉस्पिटल निवडू नका. कॅथलॅब म्हणजे अँजिओप्लास्टीची खोली, ती चोवीस तास चालते का हे बघा. घराजवळच्या दोन हॉस्पिटलांच्या इमर्जन्सीला आजच फोन करून विचारा: रात्री दोनला अटॅकचा पेशंट आणला तर अँजिओप्लास्टी होते का, डॉक्टर आणि टीम किती मिनिटांत पोचते, महात्मा फुले जनआरोग्य योजना किंवा आमचा विमा चालतो का? उत्तरं आणि इमर्जन्सीचा थेट नंबर फ्रिजवर चिकटवा.

अंतरापेक्षा वेळ महत्त्वाची. घोडबंदर रोडवर कासारवडवलीहून माजिवड्याला रात्री जायला लागतो तो वेळ आणि संध्याकाळी सातला लागतो तो, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ऐरोली, घणसोली, दिघ्याच्या लोकांना ठाणे-बेलापूर रोडने ठाण्याकडेही जाता येतं आणि वाशी-नेरूळकडेही. दोन्ही बाजूंचं एकेक हॉस्पिटल ठरवून ठेवा. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा वाशीचं महापालिका रुग्णालय जवळ असेल, तर तिथंही हेच प्रश्न आधी विचारून ठेवा.

हॉस्पिटलमध्ये काय होतं

पोचल्यापासून दहा मिनिटांत कार्डिओग्राम निघायला हवा. नाही निघाला तर मागा. पहिला नॉर्मल आला आणि दुखणं चालूच असेल तर घरी जाऊ नका. तो थोड्या थोड्या वेळाने पुन्हा काढतात आणि ट्रोपोनिन ही रक्ततपासणीही काही तासांनी परत करतात, कारण अगदी सुरुवातीला ती वाढलेली नसते.

वाहिनी पूर्ण बंद असल्याचं दिसलं तर सगळ्यात चांगला इलाज म्हणजे तातडीची अँजिओप्लास्टी. मनगटातून बारीक नळी घालून फुग्याने वाहिनी उघडतात आणि स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी जाळीची नळी, बसवतात. पोचल्यापासून दीड तासात हे व्हावं, असं धरतात. दुसऱ्या हॉस्पिटलला हलवून दोन तासांत ते जमणार नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी देऊन मग हलवतात. दुखायला लागल्यापासून १२ तासांपर्यंत ते देता येतं, पण पहिल्या तीन तासांत त्याचा खरा गुण. छोट्या नर्सिंग होममध्ये असाल तर कार्डिओग्रामचा फोटो काढून पुढच्या हॉस्पिटलला तिथूनच पाठवा. तुम्ही वाटेत असताना त्यांची टीम तयार होते.

महात्मा फुले योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार लागतं. संलग्न हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचं, टेबल असतं आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. हेल्पलाइन १५५३८८. स्टेंटच्या किमतीवर २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे. बिलात स्टेंटचं नाव आणि किंमत वेगळी दाखवलेली असली पाहिजे, डब्यावरचं स्टिकर फाइलला लावून घ्या.

अटॅक नसताना, नुसत्या स्थिर, म्हणजे ठरावीक श्रमालाच येणाऱ्या अंजायनासाठी ‘ब्लॉकेज ८० टक्के, आत्ताच स्टेंट टाकून घेऊ’ असं अँजिओग्राफीच्या (वाहिन्यांतले अडथळे बघायच्या तपासणीच्या) टेबलावरच सांगितलं, तर मोकळेपणाने वेळ मागा. स्थिर अंजायनात स्टेंटने दुखणं कमी होतं. आयुष्य वाढवण्यात नेमाने घेतलेल्या औषधांपुढे त्याची आघाडी मोठ्या चाचण्यांत दिसलेली नाही. डाव्या मुख्य वाहिनीतला अडथळा किंवा मधुमेहासोबत तिन्ही वाहिन्या खराब, अशा वेळी बायपास बऱ्याचदा सरस ठरतो. अँजिओग्राफीची सीडी मागून घ्या आणि दुसरं मत घ्या.

स्टेंट बसल्यावर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालू असतात, अटॅकनंतर साधारण वर्षभर. दात काढायचा आहे म्हणून किंवा ‘आता बरं वाटतंय’ म्हणून त्या आपल्या मनाने थांबवल्या की स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. दाताच्या डॉक्टरला आधी कार्डिओलॉजिस्टशी बोलायला सांगा.

हृदय कमजोर झालं असेल तर

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे; त्याचा जोर कमी पडतो आणि पाणी अंगात साठतं. उशी एकाची दोन होते, रात्री धाप लागून उठून बसावं लागतं, संध्याकाळी घोट्यांवर बोट दाबलं की खळगा राहतो. टूडी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, तीत पंपिंगचा टक्का कळतो. घरी करायचं काम एकच, पण रोजचं: सकाळी लघवी करून, नाश्त्याआधी, त्याच काट्यावर वजन करून वहीत लिहा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते पाणी आहे, त्याच दिवशी डॉक्टरला कळवा. मीठ दिवसाला चहाच्या एका सपाट चमच्यापेक्षा कमी. ताटातलं मीठ बंद करून पापड, लोणचं, सुकट, सुके बोंबील आणि फरसाण चालूच ठेवलं तर हिशेब चुकतो. ‘लो सोडियम’ मीठ विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं आणि हृदयाच्या काही गोळ्यांसोबत ते धोक्याच्या पातळीला जातं. गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनही नको, त्यांनी पाणी साठतं.

ठोके

मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून पूर्ण मिनिटभर मोजा. लय अगदीच बेताल लागत असेल तर एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडणं, असू शकतं. त्यात हृदयात गुठळी होऊन पॅरालिसिसचा झटका येऊ शकतो, म्हणून बहुतेकांना रक्त पातळ ठेवणारी गोळी लागते. ठोके ४० च्या आसपास आणि भोवळ येत असेल तर ब्लॉकची, म्हणजे हृदयातल्या विजेच्या वाटेत अडथळा असल्याची शंका येते (वाहिनीतलं ब्लॉकेज वेगळं), त्यावर पेसमेकर.

झडपा आणि मुलं

लहानपणी घसा सुजून ताप, मग एकामागून एक सांधे सुजणं, हा सांधेवाताचा ताप काही वर्षांनी हृदयाच्या झडपा खराब करू शकतो. अशा मुलांना पेनिसिलिनचं इंजेक्शन दर तीन ते चार आठवड्यांनी, अनेक वर्षं द्यावं लागतं. दुखतं म्हणून चुकवू नका. धातूची झडप बसवली की वॉर्फरिन किंवा ॲसिट्रॉम ही रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर आणि रक्त किती पातळ आहे ते सांगणारी आयएनआर तपासणी ठरल्या तारखेला. पालेभाज्या बंद करायची गरज नाही. आठवड्याला जितक्या खाता तितक्याच खात राहा, कारण आठवडाभर रोज पालक आणि पुढचा आठवडा काहीच नाही, असं झालं की आकडा हलतो.

तान्हं बाळ दूध पिताना मधे मधे थांबतं, कपाळाला घाम फुटतो, वजन वाढत नाही, किंवा रडताना ओठ-जीभ निळे पडतात, तर ‘दात येतायत’ म्हणून वाट बघू नका, बालरोगतज्ज्ञाला सांगून इको करून घ्या. हृदयातलं छिद्र काही मुलांत आपोआप बुजतं, काहींत बटण (नळीतून बसवायची, छिद्र बुजवणारी चकती) किंवा ऑपरेशन लागतं. अंगणवाडी आणि शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून पुढच्या हॉस्पिटलसाठी चिठ्ठी मिळते आणि खारघरच्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांवर हृदयाचे उपचार पैसे न घेता होतात. जाताना जुने सगळे इको आणि बाळाच्या वजनाचं कार्ड सोबत ठेवा.