क्लाउडवर लिनक्स सर्व्हर: दार लावण्याआधी किल्ली तपासा

मशीन उभं करायला दहा मिनिटं पुरतात. रिजन (सर्व्हर जिथे ठेवायचा ती जागा) मुंबई, लिनक्सची उबुंटू २४.०४ एलटीएस ही आवृत्ती, लॅपटॉपवर बनवलेली एड२५५१९ की, म्हणजे लॉगिनची डिजिटल किल्ली, तिला पासफ्रेज. रॅम एकच जीबी असेल तर दोन जीबी स्वॅप, म्हणजे रॅमला मदत म्हणून डिस्कवरची जागा, द्या. मग अपडेट, अपग्रेड.

माणसं अडकतात ती फायरवॉलपाशी. रावेरच्या एका केळी व्यापाऱ्याच्या काटापट्ट्या (वजनाच्या पावत्या) सर्व्हरवर चढवत होतो. यूएफडब्ल्यू ही उबुंटूची फायरवॉल चालू केली, आणि पोर्ट २२, म्हणजे एसएसएचने दुरून लॉगिन करायचं दार, नंतर उघडू म्हटलं. चालू असलेली विंडो तुटली नाही, म्हणून काही कळलंच नाही. तेवढ्यात लाईट गेली, राउटर बंद पडला. लाईट आल्यावर सर्व्हर आत घेईना. बाहेर गाड्या भरून उभ्या, आणि मी क्लाउड कंपनीच्या ब्राउझरमधल्या कन्सोलवर. तिथे पासवर्ड लागतो आणि तो मी ठेवलाच नव्हता.

म्हणून माझा क्रम पक्का आहे. आधी युजरला पासवर्ड द्या आणि कन्सोलवरून एकदा लॉगिन करून बघा. मग 'यूएफडब्ल्यू अलाऊ ओपनएसएसएच', आणि त्यानंतरच 'इनेबल'. लगेच दुसरी विंडो उघडून नव्याने लॉगिन करा. ते जमेपर्यंत पहिली विंडो बंद करायची नाही, कोणी हाक मारली तरी.

पासवर्डने होणारं एसएसएच लॉगिन बंद करतानाही हाच नियम. यात एक खोच आहे, ती बहुतेक लेखांत सापडत नाही. तुम्ही एसएसएचडी-कॉन्फिग या सेटिंगच्या फाइलमध्ये पासवर्डपुढे 'नो' लिहिता, तरी पासवर्ड चालूच राहतो. कारण एसएसएच पहिली सापडलेली ओळ धरतं, आणि उबुंटूत कॉन्फिग-डी फोल्डरमधल्या फाइली आधी वाचल्या जातात. तिथे क्लाउड-इनिटची (मशीन पहिल्यांदा उभं राहताना सेटिंग करणाऱ्या प्रोग्रामची) ५० नंबरची फाइल 'यस' म्हणत बसलेली असू शकते. 'एसएसएचडी' ही कमांड सुडोने (ॲडमिनच्या हक्काने), मोठ्या टी-चा पर्याय देऊन चालवा. प्रत्यक्षात काय लागू आहे ते ती दाखवते. पोर्ट बदलून सुरक्षा येते असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. लॉगमधली गर्दी तेवढी कमी होते.

आपल्याकडे लाईटचा भरवसा नाही, तेव्हा लांबलचक काम टीमक्स या सर्व्हरवरच चालू राहणाऱ्या टर्मिनलमध्येच चालवा. कनेक्शन तुटलं तरी अपग्रेड अर्ध्यात मरत नाही.

बॅकअप रोज, आणि दुसऱ्या खात्यात. महिन्यातून एकदा तो रिकाम्या मशीनवर उतरवून, एखादी जुनी काटापट्टी उघडून बघा.